शंभरातले किती?

“होय की नाही?” फकिराने विचारलं.

“तसं सांगता येत नाही, बाबा.”

“मग कसं सांगता येतं?”

विदुला गोडांबेने पडद्यावरचे आकडे पुन्हा पाहिले. तिच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता. समोर लतीफशहा फकीर, वय पंच्याऐंशीच्या आसपास, चिंचेखालच्या ओट्यावर पाय पसरून बसला होता. एक पाय दुसऱ्यापेक्षा जरा आखूड.

सरकारची एखादी योजना खरोखर उपयोगी पडते का, हे आकडे तपासून सांगणं हे विदुलाचं काम. त्यासाठी ती पुण्याहून आली होती. संख्याशास्त्रात तिचं नाव होतं. तिच्या शेऱ्याशिवाय फाइल पुढे सरकत नसे, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

घाटाखालच्या या भागात भातशेती. साप चावण्याचं प्रमाण मोठं. दोन वर्षांपूर्वी एका तालुक्यात शेतावर राबणाऱ्या बायकांना गुडघ्यापर्यंतचे गमबूट वाटले गेले. आता ते जिल्हाभर वाटायचे, की योजना बंद करायची? सोमवारी समिती बसणार होती. समिती विदुलाच्या अहवालावर थांबली होती.

लतीफशहाकडे ती आली ती त्याच्या वहीसाठी. आसपासच्या चाळीस गावांत कोणाला साप चावला, की माणसं आधी त्याच्या तकियावर, या चिंचेखालच्या फकिराच्या ठाण्यावर, धावत. तो चावलेल्याला तसाच गाडीत घालून दवाखान्यात पाठवी आणि मागाहून वहीत लिहून ठेवी. सरकारी आकडे त्या वहीशी ताडून पाहायचे होते.

ते जुळले. काम संपलं होतं. ती उठणार, तेवढ्यात म्हाताऱ्याने विचारलं होतं, बुटांचा उपयोग झाला का? होय की नाही?

“चावे कमी झाले,” विदुला म्हणाली. “एकसष्टावरून अडतीसवर आले. पण ते बुटांमुळेच, असं सिद्ध होत नाही. त्या वर्षी पाऊस कमी होता. शेतावर जाणंच कमी झालं. शेजारच्या तालुक्यात बूट नव्हते, तिथेही कमी झालेत.”

“मग तू काय लिहिणार?”

“पुरावा अपुरा. आणखी दोन वर्षं पाहणी करावी.”

“आणि तोवर?”

“तोवर योजना थांबेल.”

फकीर चिंचेच्या पाल्याकडे बघत राहिला.

“बेटी, तू असं नेहमी लिहितेस?”

तिला प्रश्न झोंबला. “सिद्ध झाल्याशिवाय मी बोलत नाही. सात अहवालांत हेच लिहिलंय. सातही वेळा माझं एक वाक्य कोणाला खोडता आलं नाही.”

“त्याच्या आधी?”

“आधी काय?”

“आठवा अहवाल.”

विदुलाने लॅपटॉप मिटला.

तो आठवा, म्हणजे खरं तर पहिला, निर्धूर चुलींचा होता. चुली वाटा, पोरांचा खोकला जाईल, असं तिने छातीठोक सांगितलं होतं. हजारो घरांत चुली गेल्या. खोकला होता तिथेच राहिला. वर्तमानपत्रात तिच्या नावानिशी छापून आलं. ऑफिसात कोणी खोकलं, की बाकीचे हसायचे. दीड वर्ष हसत होते.

“तेव्हा मी खात्रीने बोलले,” ती म्हणाली, “आणि तोंडावर आपटले.”

“म्हणून आता बोलतच नाहीस.”

“आता चुकत नाही.”

“सात वेळा चुकली नाहीस…” फकीर म्हणाला. “बरोबर किती वेळा होतीस?”

“मी सांगितलं ना, मी चुकले नाही.”

“मी ते विचारलं नाही.”

वरून एक चिंच टपकली. दोघांनी तिच्याकडे पाहिलं. कोणीच उचलली नाही.

“भूक लागली असेल,” फकीर म्हणाला. “मागे दगडांचा ढीग आहे. कोंबडी त्याच्या कपारीत अंडी घालते. दोन घेऊन ये. उकडून देतो.”

विदुला मागे गेली. ढीग कमरेएवढा होता, जुन्या कुंपणाचा. खालच्या बाजूला कपार होती. तिच्यात अंधार आणि थोडं गवत. ती वाकली. हात पुढे केला. मग मागे घेतला.

आजूबाजूला पाहिलं. एक काठी पडली होती. तिने ती उचलली, दगडांवर तीन-चारदा आपटली, कपारीत घालून ढवळली. थोडी थांबली.

“बेटी!” ओट्यावरून हाक आली. “साप आहे का तिथे?”

“माहीत नाही.”

“मग काठी कशाला?”

“असू शकतो.”

“किती असू शकतो?”

“म्हणजे?”

“असे शंभर ढीग असले, तर किती ढिगांत निघेल?”

“निघेल दोन-तीन ढिगांत,” ती म्हणाली. “दगड आहेत, गारवा आहे, अंडी आहेत, म्हणजे उंदीर येत असणार. दोन-तीन तरी…”

आणि ती थांबली. काठी हातात तशीच.

“दोनच?” फकीर म्हणाला. “अठ्ठ्याण्णव ढिगांत काहीच नाही. मग काठी उचललीस कशाला?”

“काठी उचलायला काय लागतं? पण चावला असता तर…”

तिने काठी टाकली आणि कपारीत हात घातला.

ती दोन अंडी घेऊन परत आली. चेहरा लाल झाला होता.

“हे वेगळं आहे,” ती म्हणाली. “हा नुसता अंदाज. अहवालात असं लिहिता येत नाही.”

“कपारीत सकाळीच बघून आलो होतो,” फकीर म्हणाला. “काही नव्हतं. घाबरू नकोस.”

त्याने तीन दगडांच्या चुलीवर पाणी ठेवलं. काटक्या पेटायला वेळ लागला. पाणी गरम होईपर्यंत तो बोलत राहिला, मध्ये मध्ये थांबत.

“माझा बाप सापाचं विष उतरवायचा. त्याच्या मागे मी. फुंकर घालायची, पाणी मंतरून द्यायचं. दहा माणसं आणली, तर नऊ चालत घरी जायची. नऊ! लोक पाया पडायचे. मला वाटायचं, ही माझ्या फुंकरीची ताकद. तुला नसतं वाटलं?”

“वाटलं असतं.”

“मग मांडी मोडली. घाटात घसरलो. तीन महिने शहरातल्या दवाखान्यात पडून होतो. परत आलो तर वाटलं, गावंच्या गावं मेली असतील. फकीर नव्हता ना! वही घेऊन गावोगाव फिरलो, कुबडीवर. कोणाकोणाला चावला, कोण गेलं, लिहीत गेलो. एकवीस जणांना चावला होता.”

“किती गेले?”

“दोन.”

विदुलाने मनात भागाकार केला. तो करताना म्हाताऱ्याने तिला पाहिलं.

“हां. तेवढेच. मी असताना दहातला एक जायचा. मी नसतानाही दहातला एकच. साप बहुतेक बिनविषारी, बेटी. ज्यांना जगायचंच होतं, ते माझ्या हाताखाली जगत होते.”

“मग तुम्ही सोडून दिलंत?”

“दोन दिवस जेवलो नाही. जे वाचले ते माझ्यामुळे नाही, हे सोसता आलं. पण जे गेले… मी फुंकर घालत बसायचो तेव्हा दारात बैलगाडी जुंपून उभी असायची. मी म्हणायचो, थांबा. ते थांबायचे.”

पाणी उकळू लागलं. त्याने अंडी हळूच आत सोडली.

“तिसऱ्या दिवशी जेवलो. त्या दिवसापासून गाडी थांबवली नाही.”

विदुला खाली बघत होती.

“बाबा, फुंकरीचा उपयोग नाही, हे तुम्हांला एकवीस माणसांवरून कसं कळलं? एकवीस म्हणजे फार थोडे. तेवढ्यांत योगायोगही असेल.”

“असेल की.”

“म्हणजे तुमची खात्री नव्हती?”

“खात्री आजही नाही.”

“तरी सोडलंत?”

“शंभरातले नव्वद वाटलं, फुंकरीत काही नाही. गाडी सोडायला तेवढं पुरलं.”

विदुलाने मान वर केली.

“आता तू सांग,” तो म्हणाला. “बुटांचं. शंभरातले किती?”

“माझ्याकडे तसा आकडा नाही.”

“काठी उचललीस तेव्हा होता.”

ती हसली नाही. पण तिने लॅपटॉप उघडला.

“चावे एकसष्टावरून अडतीसवर आले. एवढंच पाहिलं, तर…” ती अडखळली. इतक्या वर्षांत तिने हे वाक्य पूर्ण केलं नव्हतं. “तर साठ. शंभरातले साठ, की बुटांमुळे.”

“बरं.”

“पण शेजारच्या तालुक्यात बूट नसताना अठ्ठावन्नाचे सत्तेचाळीस झाले. कोरडं वर्ष. आणि बूट मिळालेल्यांपैकी निम्म्या बायका ते घालतच नाहीत. काहींनी लग्नाला जायला जपून ठेवलेत.”

फकीर खळखळून हसला. “लग्नाला?”

“खरंच. म्हणजे… चाळीस.”

“मघाशी साठ म्हणालीस.”

“आता चाळीस म्हणते.”

“मघाशी खोटं बोललीस?”

“नाही.” तिने स्वतःशीच तपासून पाहिल्यासारखं केलं. “मघाशी साठच होते.”

फकिराने समाधानाने मान हलवली. अंडी बाहेर काढून पानावर ठेवली. एक तिच्याकडे सरकवलं. मग वही ओढून घेतली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“हे वाच.”

“राधी कातकरी. उजवी पोटरी. गेली.”

“ही गेल्या भाद्रपदात. अनवाणी होती. वरच्या अंगाचं गाव, तिथे बूट पोचले नव्हते. हे खालचं?”

“सुंदरा घुटुकडे. डावा हात. जगली.”

“चावलेला माणूस आला, की मी नावाच्या आधी हे विचारतो. कुठं चावला?” त्याने अंडं सोलायला घेतलं. “तू विचारलंस?”

विदुलाने ऐकलं. मग ती पुढे वाकली आणि लॅपटॉपवर बोटं चालवू लागली. तिच्या माणसांनी दवाखान्यांतून भरून आणलेल्या फॉर्ममध्ये तो रकाना होता. चाव्याची जागा. तिने तो कधी उघडला नव्हता. प्रश्न होता तो चावे किती, हा. कुठे, हे कोणी विचारलं नव्हतं.

फकीर अंडं खात होता. तिचं तसंच पडलं होतं, गार होत.

“बाबा…”

“हं.”

“बूट वाटले त्या तालुक्यात पायाला चावे होते चव्वेचाळीस. ते झाले एकवीस.”

“आणि हाताला?”

“सतरा होते.” ती थांबली. “सतराच आहेत.”

“शेजारी?”

“पायाला एक्केचाळीसचे तेहतीस. हाताला सतराचे चौदा. दोन्ही थोडे थोडे उतरलेत. सारखेच.”

ती स्वतःशीच भराभर बोलत होती.

“पाऊस कमी म्हणून चावे उतरले असते, तर हाताचेही उतरले असते. शेजारी तसंच झालंय. कोरडं वर्ष पाय आणि हात वेगळे कसे ओळखेल? इथे फक्त पायाचे उतरलेत. जिथे बूट असतो तिथलेच…”

“शंभरातले किती?”

“ऐंशी.”

यावेळी ती अडखळली नाही.

“शंभर का नाही?”

“आकडे लहान आहेत. दुसरंही काही कारण असेल, मला न दिसलेलं. गवत आधी कापलं असेल, काहीही. वीस त्याचे.”

“ते वीस कुठं ठेवशील?”

“अहवालात. ऐंशीच्या शेजारी.”

आणि मग तिला एकदम रडू आलं. तिलाच कळेना का. तिने चेहरा झाकला, मग पुसला, मग हसली. छातीवर कोणी बसलं होतं ते उठून गेलं, असं तिने मागाहून सांगितलं. चुलींच्या वेळी ती शंभर म्हणाली होती. त्यानंतर सात वेळा काहीच नाही. या दोहोंच्या मध्ये एवढी मोकळी जागा पडली होती, आणि ती तिथे कधी बसलीच नव्हती.

“अंडं खा,” फकीर म्हणाला. “मीठ हवं?”

सोमवारी समितीसमोर अहवाल आला. अध्यक्षांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला.

“मॅडम, हे ऐंशी काय आहे? होय म्हणा की.”

“होय म्हणत नाही, सर. ऐंशी म्हणते.”

“म्हणजे तुम्ही चुकू शकता?”

“पाचांतून एकदा.”

कोपऱ्यातला एक सदस्य खोकला. मुद्दाम असेल, नसेल. विदुलाला पहिल्यांदाच त्याचं काही वाटलं नाही.

“आणि ते वीस खरे निघाले तर?” अध्यक्षांनी विचारलं.

“तर हजारो बायकांच्या पायांत बिनकामाचे बूट असतील, आणि चावे होते तेवढेच राहतील. त्याची जबाबदारी माझी. पण ऐंशी खरे असले आणि आपण दोन वर्षं थांबलो, तर…” तिने दुसरं पान उलटून त्यांच्यासमोर धरलं. त्यावर बूट न पोचलेल्या गावांत पायाला चावून दगावलेल्या बायकांची नावं होती. लतीफशहाच्या वहीतून उतरवलेली. राधीचं शेवटी होतं.

अध्यक्षांनी ती सगळी वाचली. घाई केली नाही.

“एक विनंती आहे,” विदुला म्हणाली. “सगळीकडे एकदम वाटू नका. अर्ध्या गावांना यंदा द्या, अर्ध्यांना पुढच्या वर्षी. कुठल्या गावांना आधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. म्हणजे वर्षाअखेर मला आकडा बदलता येईल.”

“बदलायचा आहे तुम्हांला?”

“बदलायची तयारी आहे.”

ठराव मंजूर झाला. तालुक्याच्या शाळेत सरपंचांसमोर चिठ्ठ्या निघाल्या. गावोगाव आरोग्यसेविकांनी बायकांना बूट घालून चालून दाखवलं. लग्नासाठी ठेवू नका, असंही बजावलं. पावसाळा आला. त्या वर्षी तो भरपूर झाला. साप चावण्याच्या बातम्या येत राहिल्या, आणि विदुला दर आठवड्याला फॉर्म मागवून एकच रकाना आधी बघत राहिली.

भात कापून झाल्यावर, मार्गशीर्षात, ती तकियावर आली. गाडीतून उतरून चालत नव्हती, जवळजवळ धावत होती.

लतीफशहा उन्हात बसला होता. वर्षभरात बराच वाळला होता.

“बाबा! चिठ्ठीत आधी आलेल्या गावांत पायाचे चावे निम्म्याहून कमी. हाताचे आहेत तेवढेच. बाकीच्या गावांत काही फरक नाही!”

“आणि माणसं?”

“बूट मिळालेल्या गावांत पायाला चावून एकही बाई दगावली नाही. एकही नाही, बाबा.”

फकिराने डोळे मिटले. त्याचे ओठ हलले. कितीतरी वेळ तो तसाच बसून होता, आणि त्याच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन पसरावं तसं काहीतरी पसरत गेलं. विदुला त्याच्या शेजारी टेकली. दोघं समोरच्या कापलेल्या शेतांकडे बघत राहिले. एक बाई बांधावरून भाऱ्याखाली वाकून चालली होती. पायांत काळे बूट.

विदुलाला राहवलं नाही.

“मी ऐंशी म्हणाले होते,” ती म्हणाली. “आणि बरोबर ठरले.”

फकिराने डोळे उघडले.

“कोण म्हणतं?”

“म्हणजे? आकडेच म्हणतायत. बुटांचा उपयोग झाला.”

“बूट बरोबर ठरले, बेटी. तुझे ऐंशी नाही.”

ती त्याच्याकडे वळली.

“अशीच आणखी चार वेळा ऐंशी म्हण,” लतीफशहा म्हणाला. “पाचांतून एकदा चुकून ये. मग मानीन.”